खिडकीचं माप

निनावे फॅब्रिकेटरने दोन नमुने आणले,
हातभर उंचीचे, खेळण्यातल्यासारखे,
आणि विटांच्या चवडीवर उभे केले.
एक सरकते.
दुसरी खालून उघडते, बिजागरी वर;
बाहेर ढकलली की काच आडवी राहते,
उन्हात कोण येतंय ते बघायला
बाई कपाळावर हात धरते तशी.
"हिले ऑनिंग म्हंतेत, वहिनी.
पाणी आलं तरी उघडीच ठेवाची.
पण कूलर नाही बसत हिच्यात.
आधीच सांगून ठेवतो."

नागपुरात यापुढे बोलणं होत नाही.

शेषरावांनी सरकत्या खिडकीला हात लावला,
पसंत पडल्यासारखा.
एकतीस वर्षं कोराडीची रात्रपाळी.
मे महिन्यात दुपारी दोनला झोप म्हणजे काय
हे त्यांना मी काय सांगणार?

मला हंसापुरीची खोली आठवली.
तिला खिडकी एकच होती.
होळी झाली की तिच्यात कूलर चढायचा,
पत्र्याचा, पोपटी रंग दिलेला,
आणि फटींमध्ये पुठ्ठे, चिंध्या, एकदा तर कॅलेंडर.
पहिली दोन-तीन वर्षं आम्ही तो जुलैत उतरवला.
मग दोन माणसं मिळेनात,
मग पंपाची वायर भिंतीत गेली,
मग पोरीचं दप्तर त्याच्यावर राहायला लागलं.
दिवाळीत मी त्याच्यावर पणती ठेवली आहे.
तेवीस वर्षं ती खिडकी कूलरची होती.
मागच्या बोळात कडुलिंब होता.
तो मला
टाकीत तरंगणाऱ्या पानांवरून माहीत.

"सरकती किती उघडते?" मी विचारलं.
"अर्धी."
म्हणजे चार फुटांचे पैसे, दोन फुटांची हवा,
बाकीचे दोन फूट दुसऱ्या काचेमागे उभे.
मनीषनगरची कुंदा टेंभुर्णे
दर शनिवारी दातांच्या जुन्या ब्रशने
त्या पट्ट्या घासते.
मुंग्या निघतात म्हणे, आणि सिमेंट,
अन् कुठल्यातरी लग्नातल्या अक्षता.

मी म्हटलं, कूलरला त्याचं वेगळं भोक पाडा.
शेषराव हिशेबाला लागले.
तोडाई, वरची पट्टी, पुन्हा प्लास्टर.
ओठ हलताना दिसत होते.
निनावे म्हणाला, "हे बराबर आहे, पण वहिनी,
हिले ढकलाले जोर लागते.
वादळात झटक्यानं ओढाव लागते आतमंदी."
बोलता बोलता तो माझ्या खांद्याकडे पाहत होता.
उजवा. जानेवारीपासून जखडलेला.
केस विंचरायलाही वर जात नाही.

मी काही न बोलता आत गेले,
म्हणजे जिथे आत होणार आहे तिथे.
भिंतीत चौकोन सोडलेला, काच नाही, चौकट नाही,
खालच्या कडेवर कुणाचा तरी तंबाखूचा डबा.
पलीकडे बेशाचा रस्ता, मिक्सर फिरतोय,
विमान इतकं खाली की चाकं दिसावीत.

आधी हवेतच हात आडवा सरकवला.
सोपं. पाटीवरचं पुसावं तसं.
मग डावा तळवा टेकवला, नसलेल्या काचेवर,
आणि बाहेर ढकलला,
कोपर सरळ होईपर्यंत.

समोरच्या स्लॅबवर घमेलं घेऊन उभी असलेली बाई थांबली.
तिला वाटलं, मी बोलावतेय.
तिने एका हाताने घमेलं धरलं
आणि दुसरा हलवला.

मीही हलवला.
मग पुन्हा ढकलून पाहिलं.
मागून शेषराव विचारत होते,
"साडेचार हजार वरचे होतील. लिहू?"